बाराचा वॉच

मालवाहू जहाजावर मध्यरात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, सेकंड मेट या अधिकाऱ्याचा. तो पावणेबाराच्या सुमारास ब्रिजवर चढतो आणि आल्याआल्या काहीच हाती घेत नाही. दिवे मालवलेले असतात. तो जहाजाची जागा, दिशा, वेग, रडारवर दिसणारी आसपासची जहाजे पाहून घेतो आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसता उभा राहतो. ही कुणा एकाची लकब नव्हे. खलाशांचे प्रशिक्षण आणि पहारा यांविषयी १९७८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला बोटीवर सगळे एसटीसीडब्ल्यू म्हणतात, हे लिहून ठेवलेले आहे: नजर पुरती सरावल्याशिवाय वॉच घेऊ नये. त्याच्याच शेजारी आणखी दोन कलमे आहेत. येणारा अधिकारी वॉच सांभाळण्याच्या अवस्थेत नाही असे वाटले तर जाणाऱ्याने जागा सोडू नये, कप्तानाला कळवावे. आणि समोरचे संकट टाळण्याची काही हालचाल चालू असेल, तर बारा वाजून गेले तरी ती पुरी होईपर्यंत अदलाबदल थांबवावी.

सागरी नोकरीतली मूल्ये असा विषय निघाला की भाषणांत धाडस येते, शिस्त येते, पांढरा गणवेश आणि खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या येतात. मला ती मूल्ये या तीन साध्या कलमांत दिसतात. आपल्या हातातले काम दुसऱ्याच्या हाती देताना काय सांगायचे, काय लपवायचे नाही आणि कधी सोडायचे नाही, एवढाच त्यांचा विषय आहे.

हे सगळे नार्नूरच्या वाचकाला कशाला? आदिलाबाद जिल्ह्यातले हे मंडल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या, दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर आत. गोंडी, मराठी, बंजारा आणि तेलुगू या चारही भाषा इथल्या एका बाजारात ऐकू येतात. पौष पौर्णिमेला खांदेवाची जत्रा भरते, तोडसाम कुळातली लेक देवापुढे अडीच किलो तिळाचे तेल पिते, आणि त्या दिवशी वर्तमानपत्रवाले येतात. एरवी नार्नूरचे नाव निघते ते नीती आयोगाच्या आकांक्षी तालुक्यांच्या यादीत. पिकाचे म्हणाल तर कापूस. अशा गावातल्या बारावीच्या मुलाला मर्चंट नेव्हीचा विचार सुचतो तो बहुधा मोबाईलवरच्या जाहिरातीतून: डॉलरमध्ये पगार, जगभर प्रवास, वर्षातले काही महिने सुट्टी.

त्याला समुद्र माहीत नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. महाराष्ट्रात सागरी शिक्षण देणाऱ्या नावाजलेल्या संस्थांपैकी तोलानी मेरीटाइम इन्स्टिट्यूट १९९८ पासून तळेगावजवळ इंदुरीला आहे, इंद्रायणीच्या काठी. आणि मॅनेट ही संस्था लोणी काळभोरला, मुळा-मुठेच्या अंगाला. दोन्हीकडून समुद्र घाटापलीकडे. इंदुरीत तर शिकवण्यासाठी आवारातच जहाज उभारले आहे. पोरे घाटमाथ्यावर इंजिन रूम शिकतात आणि मग जगभर जातात. शिवाय ज्याने रानडुकरांपासून ज्वारी राखायला माळ्यावर रात्र काढली आहे, त्याला वॉच समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या प्रहराचा राखणदार दुसऱ्याला उठवतो, डुकरे आज कोणत्या बांधाने आली ते सांगतो, समोरचा पुरता जागा झाला याची खात्री करतो आणि मगच आडवा होतो.

अडचण वेगळीच आहे, आणि ती समजायला थोडे मागे जावे लागते.

मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर माणसे कुठली असत याची वाटणी ठरलेली होती. डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि सौराष्ट्राचे खारवे, इंजिनात पंजाब-सरहद्दीकडचे, आणि सलूनमध्ये, म्हणजे स्वयंपाक आणि वाढपाला, गोव्याचे ख्रिस्ती. वर अधिकारी गोरे. गोव्याच्या तारवटींनी मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात गावागावांचे कूड काढले. एक बोट सुटल्यावर दुसरी मिळेपर्यंत तिथे स्वस्तात राहायचे, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचा. भरती सारंगाच्या हाती होती. सारंग म्हणजे डेकवरचा मुकादम; तोच माणसे निवडी, तोच कामाला लावी, आणि निवडण्याचे पैसे घेई. १९२० साली जिनोआत भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशाला काम मिळवून देण्याचा धंदा करू नये, त्याच्याकडून शुल्क घेऊ नये असा करार केला. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३१ मध्ये, व्हिटली आयोगाने हिंदुस्थानातल्या कामगारांवर अहवाल दिला, त्यातही खलाशांच्या भरतीतल्या लाचेचा प्रश्न होताच.

त्या काळच्या ब्रिटिश खलाशाच्या डिस्चार्ज बुकात प्रत्येक सफरीनंतर दोन शिक्के बसत, एक कौशल्याचा आणि एक वर्तनाचा. बहुतेक वेळा ‘व्हेरी गुड’. कप्तान नाराज असेल तर तो वाईट असे लिहीत नसे. ‘अभिप्राय देण्यास नकार’ असा शिक्का मारी, आणि तेवढ्याने पुढची नोकरी बुडे. मूल्यांची अशी मोजदाद करणाऱ्या त्याच व्यवस्थेत हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा होता. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटनच्या आणि इतर बंदरांतल्या हिंदी खलाशांनी पगारवाढीशिवाय बोट हलवायला नकार दिला. अनेकांना तुरुंगात टाकले. आज्ञाधारक म्हणून ज्यांची वाखाणणी व्हायची, त्यांनीच हे केले म्हणून मालकांना धक्का बसला. मला त्या धक्क्याचेच आश्चर्य वाटते.

अधिकारी होण्याचा रस्ता फार उशिरा उघडला. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. जहाजाची मालकी देशी, पण ते चालवण्याचे शिक्षण देशी मुलाला देशात मिळत नव्हते. ते १९२७ मध्ये ‘डफरिन’ या जुन्या सैनिकवाहू बोटीवर सुरू झाले, माझगावच्या पाण्यात. पहिल्याच तुकडीत रामदास कटारी होते, जे पुढे भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. ‘डफरिन’ची जागा १९७२ मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ मध्ये शिक्षण जमिनीवर आले, नवी मुंबईत करावे इथे, ‘चाणक्य’ नावाने. २००८ पासून हे सगळे इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटी या केंद्रीय विद्यापीठाखाली आहे.

आता आजच्या मुलाकडे येऊ. बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजीचे पुरेसे गुण हवेत, मग प्रवेश परीक्षा. पुढे तीन वाटा: तीन वर्षांची नॉटिकल सायन्सची पदवी, चार वर्षांचे मरीन इंजिनिअरिंग, नाहीतर एक वर्षाचा डिप्लोमा आणि त्यानंतर कॅडेट म्हणून दीड वर्ष समुद्रावर. दहावी झालेल्याला सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा कोर्स आहे. त्यातून डेकवर किंवा इंजिनात हाताने काम करणारा खलाशी तयार होतो. कागदावर हे सरळ आहे. खरी खिंड कोर्स संपल्यावर लागते. समुद्रावरचा काळ भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि तो काळ भरायला कुठल्यातरी कंपनीने जहाजावर घ्यावे लागते. आधीच स्पॉन्सरशिप मिळालेला कॅडेट निघून जातो. उरलेला मुंबई-नवी मुंबईत बेलापूर, नेरूळ, अंधेरीच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो. काही लाख रुपये फी भरलेली, घरचे शेत किंवा सोने अडकलेले, आणि अशा वेळी कुणीतरी भेटतो जो म्हणतो, जॉइनिंग करून देतो, एवढे द्या. शंभर वर्षांपूर्वीचा सारंग आता मोबाईलवर बोलतो.

या मुलाला कोणती मूल्ये घेऊन आलास असे विचारणाऱ्यांनी आधी एवढे पाहावे की त्याचा पहिला धडा पैसे देऊन जागा मिळवण्याचा असेल, तर दुसरा धडा त्याला अवघड जात नाही. कॅडेटकडे ट्रेनिंग रेकॉर्ड बुक असते. लाइफबोट उतरवली, दोरखंड बांधला, टाकीत उतरण्याआधी हवा तपासली, अशी कामे करून दाखवायची आणि अधिकाऱ्याने सही करायची. वेळ नसलेला अधिकारी आणि घाईतला कॅडेट एकत्र आले की काम न होता सही होऊ शकते. बंद टाकीत प्राणवायू नसतो, हे वाक्य वहीत उतरवून घेतलेला आणि प्रत्यक्ष मीटर लावून पाहिलेला, यांत किती अंतर आहे ते अशा टाकीत बेशुद्ध पडलेल्या सोबत्याला काढायला धावत आत उतरून मेलेल्या माणसांनी दाखवले आहे. ही माणसे भित्री नव्हती. त्यांच्याकडे धाडस भरपूर होते.

मुले पगारासाठी येतात, अशी तक्रार जुने कप्तान करतात. त्यात मला काही गैर दिसत नाही. पगारासाठी आलेला माणूस वॉच नीट करतोच. कोकणातल्या आणि गोव्यातल्या किती घरांवरची कौले बोटीच्या पैशांतून चढली. वर्षातले सहा महिने देशाबाहेर भरले की अनिवासी म्हणून बोटीच्या पगारावर कर लागत नाही, म्हणून दिवस मोजणारेही आहेत, आणि मोजू देत. प्रश्न पगाराचा नसून खोट्या नोंदीचा आहे, आणि खोटी नोंद विद्यार्थ्याने शोधून काढलेली नाही.

नियम म्हणतो की कोणत्याही चोवीस तासांत दहा तास विश्रांती, सात दिवसांत सत्त्याहत्तर तास. विश्रांतीचे दोनहून जास्त तुकडे नकोत आणि त्यातला एक किमान सहा तासांचा हवा. आता प्रत्यक्ष पाहा. लहान जहाज, मोजकी माणसे, एका आठवड्यात तीन बंदरे. बंदरात माल, तपासणी, पायलट, कागद. बाहेर पडले की पुन्हा वॉच. तासांचा हिशेब बसत नाही, म्हणून तक्ता बसवला जातो. स्वीडनमधल्या माल्मोच्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये यावर अहवाल काढला आणि त्याला नावच ‘जुळवून घेण्याची संस्कृती’ अशा अर्थाचे दिले. खलाशी नोंदी जुळवतात, कंपनीला ते कळते, तपासनीसालाही कळते, आणि तक्ता नियमात बसलेला असल्यामुळे सगळे पुढे जातात. खरी नोंद लिहिणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागतो. नव्या थर्ड मेटला हा तक्ता भरायला पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याच थर्ड मेटने इंजिनचे तापमान, टाकीतली पातळी, नकाशावरची जागा मात्र तंतोतंत खरी लिहावी अशी अपेक्षा असते.

छोट्या सोयींतून मोठे कसे घडते याचे दोन दाखले अगदी अलीकडचे आहेत, आणि दोन्हींत भारतीय माणसे आहेत.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ हे महाकाय जहाज मॉरिशसच्या प्रवाळावर चढले. कप्तान भारतीय होता. आधी किनाऱ्यापासून बावीस सागरी मैलांवरून जायचा बेत होता. तो बदलून जहाज जवळ आणले गेले, कारण घरी बोलायला मोबाईलचे सिग्नल हवे होते. इतक्या जवळून जायला लागणारा मोठ्या प्रमाणाचा नकाशा वापरला नाही, बाहेर नजर ठेवण्यात ढिलाई झाली. सुमारे हजार टन तेल निळ्या खाडीत गेले. कप्तान आणि मुख्य अधिकाऱ्याला तिथल्या न्यायालयाने वीस महिन्यांची शिक्षा दिली. कोविडचा तो काळ. जगभर लाखो खलाशी करार संपूनही बोटीवर अडकलेले होते, ‘वाकाशिओ’वरच्याही काहींचे करार लांबलेले होते. घरचा आवाज ऐकायची ओढ मी समजू शकतो. जहाज किती जवळ न्यायचे हे त्या ओढीने ठरवायचे नसते, हेही तितकेच खरे.

दुसरा दाखला ‘डाली’चा. २६ मार्च २०२४, अमेरिकेतले बाल्टिमोर, मध्यरात्रीनंतर दीड वाजण्याच्या सुमारास. एकवीस जणांच्या ताफ्यात वीस भारतीय. जहाजाची वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि ते पुलाच्या खांबाकडे वाहत निघाले. मेडेचा, म्हणजे संकटाचा, संदेश वेळेत गेल्यामुळे पोलिसांनी दोन्ही बाजूंची वाहने थांबवली. पूल कोसळला तेव्हा त्यावर रस्तादुरुस्तीचे कामगार होते. सहा जण गेले. आणखी कितीतरी वाचले. सुरुवातीला भारतीय ताफ्याची टिंगल करणारी चित्रे फिरली, मग राज्यपालांनी त्याच संदेशाचे कौतुक केले. तपास यंत्रणेने नंतर जे काढले ते मात्र कोणत्याही वर्गात शिकवण्याजोगे आहे. पहिल्यांदा वीज गेली ती एका तारेच्या सैल जोडामुळे. तारेवर ओळखीसाठी लावलेली पट्टी अशा जागी बसवली होती की तार जोडणीत पूर्ण आत जात नव्हती. दुसऱ्यांदा गेली कारण जनित्रांना इंधन पुरवायला भलताच पंप वापरात होता. तो पंप खरे तर नळ्या धुण्यासाठी. वीज गेल्यावर तो आपोआप पुन्हा सुरू होत नाही. काम सोपे व्हावे म्हणून ती सवय पडलेली होती, आणि कंपनीच्या देखरेखीत ती कुणाला खटकली नव्हती. ज्या जहाजावर संदेश वेळेत गेला, त्याच जहाजावर पंपही महिनोन् महिने चुकीचा चालत होता. खलाशांत चांगले आणि वाईट असे दोन ढीग करणाऱ्यांना हे प्रकरण अडचणीचे जाते.

कापूस पिकवणाऱ्या वाचकाला तिसरा दाखला जवळचा वाटेल. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती आणि कराचीत वर चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. स्फोटके आणि कापूस एकाच पोटात. कापूस आतून धुमसतो आणि पाण्याने लवकर विझत नाही, हे ज्याने कधी पेटलेली गंजी पाहिली आहे त्याला सांगायला नको. दुपारी धूर दिसला. बंब आले, शेकडो टन पाणी मारले गेले. शस्त्रास्त्र खात्याचा अधिकारी म्हणाला, जहाज जागीच बुडवा. गोदीचा व्यवस्थापक म्हणाला, बाहेर समुद्रात न्या. कप्तान दोघांचे ऐकत राहिला. बंबवाले पाणी मारत राहिले. तिथे हुद्द्यांची कमी नव्हती. अमुक करा आणि जबाबदारी माझी, एवढे म्हणणारा कुणी निघाला नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे गेली, गोदी आणि तिच्या मागची वस्ती जळाली, सोन्याच्या विटा दूरच्या घरांवर जाऊन पडल्या. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान त्यात गेले. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. काहींनी अखेरच्या क्षणापर्यंत नळी सोडली नव्हती. त्यांच्या कर्तव्यबुद्धीवर भाषणे होतात, आणि व्हावीत. पण ती दुपार वरच्यांनी दोन तास निर्णय न घेण्याची होती, हे त्या भाषणांत क्वचित येते.

निर्णय घेणे कसे असते तेही सांगायला हवे. २२ जून २०१५. शिपिंग कॉर्पोरेशनचे तेलवाहू ‘संपूर्ण स्वराज्य’ ओडिशाच्या किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ होते, कप्तान राधिका मेनन. काकिनाड्याहून निघालेली ‘दुर्गम्मा’ नावाची मासेमारी होडी इंजिन बंद पडून वाहत आली होती, आत सात जण, सगळ्यात लहान पंधरा वर्षांचा. पंचवीस फुटांच्या लाटा. एवढे मोठे जहाज एवढ्याशा होडीजवळ नेणे म्हणजे तिला चिरडण्याचा धोका. दोन प्रयत्न फसले, तिसऱ्यांदा पायलटच्या शिडीवरून सातही जण वर आले. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मेनन यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जगातल्या सुमारे १९ लाख खलाशांत बाया सव्वा टक्क्याच्या आसपास, असे २०२१ च्या मोजणीत निघाले होते. नार्नूरच्या मुलीने हा आकडा वाचून घाबरायचे की नाही, ते तिने ठरवावे.

एवढे सगळे खलाशाकडून मागणारा हा धंदा त्याला परत काय देतो, ते कमी बोलले जाते. २०२४ मध्ये जगात ३१२ जहाजे मालकांनी वाऱ्यावर सोडली आणि त्यांवर ३,१३३ माणसे पगाराविना, कधी अन्नपाण्याविना अडकली. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नोंदीत सर्वांत जास्त, ८९९, भारतीय होते. ही जहाजे बहुधा जुनी, झेंडा भलत्याच देशाचा, मालक कागदांच्या मागे. आणि त्यांवर पोचणारी माणसे बरीचशी तीच, ज्यांना चांगल्या कंपनीत जागा मिळाली नाही म्हणून दलालाला पैसे द्यावे लागले. भारताने सागरी कामगार कराराला २०१५ मध्ये मान्यता दिली आहे; त्यानुसार मालकाने सोडलेल्या खलाशाच्या घरवापसीची हमी विम्याने द्यायची असते. हमी असलेल्या जहाजावर चढणे हे मात्र खलाशाच्या हातात राहते.

तेव्हा नार्नूर, उटनूर, जिवती, माहूर, कुठल्याही आतल्या गावातल्या घराने मुलाला बोटीवर पाठवण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. संस्था मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने मान्य केलेली आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कोर्स झाल्यावर जहाज देणारी कंपनी कोण, हे प्रवेशाआधी लेखी मागावे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांना अर्थ नाही. फी भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरकडून डोळ्यांची, विशेषतः रंग ओळखण्याची, तपासणी करून घ्यावी, कारण लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर डेकवर अधिकारी होता येत नाही आणि हे नंतर कळून उपयोग नसतो. भरती करणाऱ्या कचेरीकडे आरपीएसएल परवाना असतो, त्याला क्रमांक असतो, आणि तशा कचेरीला खलाशाकडून नोकरीसाठी एक रुपयाही घेता येत नाही. कुणी मागितला तर तो आकडा, तारीख आणि नाव लिहून ठेवावे आणि महासंचालनालयाकडे तक्रार करावी.